सारस उपवनाचे मागचे फाटक

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी फाटक आहे. जुने म्हणजे मोडके नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. माझी बिजागरे शाबूत आहेत, गज सरळ आहेत, आणि रंग तीन वेळा बदलला असला तरी आतले लोखंड तेच आहे.

वुहान शहरात सारस उपवन नावाची वसाहत आहे. उंचच उंच इमारती, मधे बाग, बागेत एक तळे, आणि या सगळ्याभोवती एक लांबलचक भिंत. त्या भिंतीच्या मागच्या अंगाला मी उभे असते. माझी रुंदी बेताची. भाजीची पिशवी घेतलेला एक माणूस माझ्यातून आरामात जातो. भांडत येणाऱ्या दोघांना मात्र एकामागून एक व्हावे लागते, आणि तेवढ्यात त्यांचे भांडण निम्मे उतरते. हे मी पुष्कळदा पाहिले आहे.

हान नदीच्या काठी एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. वसाहतीचा नकाशा काढणाऱ्याने मला आग विझवणाऱ्यांच्या वाटेसाठी काढले होते, रोजच्या माणसांसाठी नव्हे. मला भिंतीत बसवले, हिरवा रंग दिला आणि त्याच दिवशी साखळी घालून कुलूप लावले. मला वाईट वाटले. ज्याला उघडायचेच नाही, ते घडवावे कशाला?

माणसांसाठी पुढचे प्रवेशद्वार होते. त्याला संगमरवरी कमान होती, दोन दगडी सिंह होते, कारंजे होते. गाड्या तिथून दिमाखात जात आणि येत. पण गाडीला हवे असते ते पुढे होते आणि माणसाला हवे असते ते सगळे माझ्या पलीकडच्या गल्लीत होते. भाजीबाजार, न्हावी, मुलांची शाळा, बसचा थांबा, आणि अगदी माझ्यासमोर रुआन मावशीचा नूडल्सचा गाडा. सात नंबरच्या इमारतीतून हाक मारली तर गल्लीत ऐकू जावी, इतके हे सारे जवळ. पण पायी जायचे तर पुढच्या कमानीतून बाहेर पडून, आठ पदरी रस्त्याच्या कडेने, सावली नसलेल्या भिंतीला अख्खा वळसा घालायचा. त्या वळशात माणूस आपण कशासाठी निघालो होतो ते विसरून जाई.

माझे कुलूप काढले ते तोंग आजीने.

वसाहत होण्याआधी तोंग आजीचे घर याच जमिनीवर होते. त्या घराच्या बदल्यात तिला बाविसाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. अंगाने बारीक, आवाजाने भरघोस. एका सकाळी ती वसाहतीचे मॅनेजर गेंग यांना हाताला धरून माझ्यासमोर घेऊन आली.

"गेंग, मला एक सांग. तुझे ते दगडी सिंह नाश्त्याला काय खातात?"

"आजी, काहीतरीच काय?"

"काही खात नाहीत ना? मग त्यांना तिकडे राहू दे. आम्हाला भूक लागते. आम्हाला इकडून सोड."

मॅनेजर हसले आणि त्यांनी किल्ली मागवली. मित्रांनो, कुलूप निघाल्यावर मी पहिल्यांदा उघडले तेव्हा इतके मोठ्याने कुरकुरले की रुआन मावशी गाडा सोडून बघायला आली. तो माझा आनंद होता. लोकांनी मात्र तेल घातले.

त्यानंतरची वर्षे माझी भरभराटीची होती. आमच्या वुहानमध्ये सकाळी घरात चूल पेटवत नाहीत. नाश्ता बाहेर करायचा, आणि तोही चालता चालता. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात खायच्या दोन काड्या, खांद्याला पिशवी, आणि पाय बसच्या थांब्याकडे. रुआन मावशीच्या नूडल्सना रस्सा नसतो. उकळत्या पाण्यातून काढायच्या, वर तिळाचे दाट वाटण घालायचे आणि ताबडतोब कालवून खायच्या. थांबलात तर तीळ आळतो आणि नूडल्सचा गोळा होतो. शेजारी कढईत मधे पातळ, कडेला फुगीर वडे तळलेले असत. सकाळभर माझ्या गजांना तिळाचा वास येई.

शहाणी माणसे उंच घरांबद्दल पुष्कळ लिहितात म्हणे. मी लिहू शकत नाही, पण मला एक गोष्ट ठाऊक आहे. लिफ्टमध्ये माणसे दाराच्या वरच्या आकड्यांकडे बघत उभी राहतात. एकाच मजल्यावरची माणसे तिथे वर्षानुवर्षे अनोळखी राहतात. माझ्यापाशी तसे चालत नाही. पुढचा माणूस मागच्यासाठी मला क्षणभर धरून ठेवतो. मग मागच्याला काहीतरी बोलावेच लागते. "थंडी पडली." "कमळकाकड्या आल्या का बाजारात?" "तुमचा मुलगा परत आला वाटतं." अशी सुरुवात होते. पुढे एकमेकांच्या घरची किल्ली एकमेकांकडे राहू लागते.

नववर्षाला शुभ म्हणून माझ्यावर लाल कागद चिकटवत. शाळेला निघालेली मुले माझ्या खालच्या गजावर उभी राहून झोका घेत आणि आयांचा ओरडा खात. मला ते चाले.

मग एका हिवाळ्यात तोंग आजीच्या नवऱ्याला, ख्वांग आजोबांना, अर्धांगाचा झटका आला. आजोबा पूर्वी पोलादाच्या कारखान्यात होते. माझ्यातून जाताना ते एका बोटाने गज वाजवून पाहत आणि मान हलवत. लोखंडाची पारख असलेला माणूस मान हलवतो तेव्हा बरे वाटते. झटक्यानंतर त्यांचा उजवा पाय ओढला जाऊ लागला आणि बोलणे तुटक झाले. डॉक्टरांनी सांगितले, चालवा, रोज चालवा, नाहीतर पाय आखडेल. पण आजोबा बाविसाव्या मजल्याच्या गॅलरीत जे बसले ते उठेनात.

आजीने एकच युक्ती केली. नूडल्स वर न्यायच्या बंद केल्या.

"खायचं तर खाली चल, म्हाताऱ्या," ती म्हणे. "मी काय तुझी सून आहे का वाटी आणून द्यायला? सुनेनंसुद्धा दिली नसती."

असे ते येऊ लागले. लिफ्टने खाली, मग तळ्याच्या कडेने, पारिजातकासारखी बारीक फुले येतात त्या झाडांखालून, काठी टेकत माझ्यापर्यंत. रुआन मावशीचे लक्ष असे. आजोबांचा हात माझ्या गजाला लागला की ती त्यांच्या नूडल्स उकळत्या पाण्यात सोडी. माझ्यापासून गाड्यापर्यंत पोचायला त्यांना जेवढा वेळ लागे, तेवढ्यात नूडल्स होत.

"आज पाण्याला आधण यायच्या आत आलात, आजोबा! मला घाई करता का?" ती ओरडे.

"तीळ... जास्त," आजोबा म्हणत.

"काल पण जास्तच होता!"

"आज... अजून."

आजी मागून म्हणे, "बोलता येत नाही, पण मागता येतं बघ कसं."

वसंत आला तेव्हा पायाचे ओढणे कमी झाले होते. पाय सुधारला तो डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि आजीच्या तोंडाने, हे मी मान्य करते. पण वाट माझी होती.

त्याच सुमारास स्कूटरवाले माझ्यातून येऊ लागले. घरोघर जेवण पोचवणारी ती मुले. दोष त्यांचाही म्हणता येत नाही. कमानीतून वळसा घातला की उशीर होई आणि उशीर झाला की बोलणी बसत. मी अरुंद, पण स्कूटर तिरकी करून ती सूं करून निघत. एका दुपारी एका स्कूटरने शांग बाईंच्या लेकीला धडक दिली. लहानशी पोर, हात मोडला. शांग बाई वसाहतीच्या समितीच्या प्रमुख. त्या धावत आल्या, त्यांनी पोरीला उचलले आणि माझ्याकडे जे पाहिले, ते मी विसरलेले नाही.

आता पुढे जे झाले ते नीट ऐका, कारण ते आमच्याकडेच होऊ शकते.

वसाहतीतल्या सगळ्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. त्यात रोज साखळ्या चालतात. कोणीतरी वर लिहितो, संत्री आली आहेत, किंवा अंडी, किंवा कमळकाकड्या. खाली पहिला माणूस क्रमांक आणि आपले नाव टाकतो, दुसरा त्याच्याखाली, तिसरा त्याच्याखाली. नाव आधी तर माल चांगला. शेवटच्याला उरलेसुरले. त्यामुळे साखळी दिसली की आमच्या आज्यांची बोटे चष्म्याच्या आधी धावतात.

त्या सकाळी तोंग आजी माझ्याच चौकटीत उभी होती. एका हातात वाटी, दुसऱ्यात फोन.

"साखळी आली गं! संत्री असणार."

"वाच तरी आधी," रुआन मावशी म्हणाली.

"चष्मा राहिला वर. बावीस मजले कोण चढणार?"

"लिफ्ट आहे ना?"

"लिफ्ट येईपर्यंत गोड संत्री संपतील. मागच्या वेळी शेवटून दुसरी होते, आठवडाभर तोंड वाकडं करून खाल्ली. टाकलं बघ नाव!"

तिचे पाहून मागच्या दोघींनी टाकले. त्यांचे पाहून आणखी पाचसहा जणींनी. मी सगळे पाहत होते. त्या साखळीच्या वर संत्री नव्हती. वर समितीने लिहिले होते, मागचे फाटक कायमचे बंद करण्यास आमची संमती आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या गळ्यात पुन्हा कुलूप पडले. आजी आणि आजोबा नेहमीप्रमाणे आले. आजोबांनी गजाला हात लावला, रुआन मावशीने सवयीने नूडल्स पाण्यात सोडल्या, आणि मी उघडलेच नाही.

"कोणी केलं हे?" आजी पहारेकऱ्यावर कडाडली.

"तुम्हीच की, आजी. तुमचं नाव आहे. वरच्या पाचात."

"ती संत्री होती!"

पहारेकऱ्याने फोन तिच्या नाकासमोर धरला. तिने डोळे बारीक करून वाचले. तोंग आजी गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पण रुआन मावशीने वाटी उचलली आणि सरळ माझ्या गजांमधून आत दिली. आजोबांनी ती घेतली आणि उभ्याउभ्या खाल्ली. मग रोज तसेच होऊ लागले. बाहेरून वाट्या आत येत, रिकाम्या वाट्या बाहेर जात, आणि माणसे भिंतीच्या आतून चालत नाश्ता करत. मी बंद असूनही उपयोगी होते, याचा मला अभिमान वाटला. तो फार टिकला नाही. कोणीतरी तक्रार केली की तुरुंगात जेवण पोचवल्यासारखे दिसते. समितीने माझ्यावर वरपासून खालपर्यंत पत्रा ठोकला.

मित्रांनो, पत्रा ठोकलेले फाटक म्हणजे भिंतच. मला गल्ली दिसे, पण आतले काही दिसेना. पाऊस पत्र्याच्या मागे साचे आणि माझे गज गंजू लागले. नववर्षाचा लाल कागद अर्धा फाटून लोंबत राहिला, तो कोणी काढला नाही. आजीचा फक्त आवाज येई.

"आहेस का गं, रुआन?"

"आहे, बोला."

"म्हातारा उतरत नाही. म्हणतो, पत्र्यापर्यंत चालत जाऊन काय पत्रा खाऊ?"

"वळसा घालून नेऊन द्या ना."

"नेल्या काल. घरी पोचेपर्यंत गोळा झाला होता. त्यानं काडीनं उचलल्या तर अख्ख्या टोपीसारख्या वर आल्या. बाजूला सारल्या." आवाज पत्र्याच्या अगदी जवळ आला. "त्याचा पाय परत आखडतोय, रुआन. रात्री मी चोळते तेव्हा कळतं मला."

तेव्हा मला कळले की हे माझ्या एकट्याचे दुःख नव्हते. मी गंजले तर मला घासता येते. पायाला कोण घासणार?

पुढच्या रविवारी मात्र पत्र्यामागे मोठी गर्दी जमल्याचा आवाज आला. पिशव्यांची सळसळ, "माझा नंबर आधी", "ट्रक कुठे आहे?" असा कल्ला. आणि मग आजीचा तो भरघोस आवाज.

"सगळे आलात? पिशव्या आणल्यात? छान. आता काल रात्रीची साखळी पुन्हा वाचा. चष्मे लावून, खालपर्यंत."

कल्ला हळूहळू उतरला. मग कोणीतरी मोठ्याने वाचले. "'संत्री.' आणि त्याखाली... 'संत्री नाहीत. मागच्या फाटकाबद्दल बोलायचे आहे. बसायला स्टूल आणावे.'"

आधी एक जण हसला, मग सगळेच. एक आजोबा चिडून म्हणाले, "स्टूल आणा असं लिहिलंय, आणि आम्ही पिशव्या घेऊन आलो!"

"म्हणूनच तर," आजी म्हणाली. "मी पण अशीच नाव टाकून बसले, आणि माझ्या नवऱ्याची वाट बंद केली. माझ्या हातानं. तुमच्यातल्या निम्म्यांनी तेच केलंय. शांग बाई, तुमच्या हातात पण पिशवी दिसतेय."

पुन्हा हशा झाला, पण शांग बाई हसल्या नसाव्यात. त्यांचा आवाज थंड होता. "माझ्या मुलीचा हात मोडला तेव्हा कोणी हसत नव्हतं, आजी."

आजीचा आवाज खाली आला.

"नाही," आजी म्हणाली. "तुझा राग खरा आहे, पोरी. मी तो खोटा म्हणणार नाही. पण धडक दिली ती चाकांनी. पायांना का शिक्षा? चाकं अडतील आणि पाय पलीकडे जातील असं काही करता येत नाही का?"

बराच वेळ बोलणे चालले. कोणी म्हणाले, फाटकासमोर नागमोडी कठडा घाला, माणूस वळून जाईल, स्कूटर वळणार नाही. शांग बाई म्हणाल्या, ती मुले स्कूटर उचलून पलीकडे ठेवतील. तिथे रोज कोणीतरी बसायला हवे.

"माझा म्हातारा बसेल," आजी म्हणाली.

"ते तर उतरतच नाहीत!"

"उतरेल."

"ठीक आहे," शांग बाई म्हणाल्या. "महिनाभर पाहू. ते बसले तर फाटक उघडं. एक स्कूटर आत आली, तर वेल्डिंग करून कायमचं बंद. पत्रा नाही, वेल्डिंग."

पत्रा निघाला. कठडा बसला. मला घासून निळा रंग दिला, बिजागरांत तेल घातले. पहिल्या सकाळी समितीची माणसे आली, शांग बाई लेकीचा हात धरून आल्या. रुआन मावशीचे पाणी उकळत होते. माझ्याशेजारी बांबूची एक खुर्ची ठेवली होती.

आजी आली ती एकटीच.

"नाही म्हणतो," तिने हळूच रुआन मावशीला सांगितले. "म्हणतो, मला लाचार करून खुर्चीवर बसवू नकोस." आणि ती स्वतःच त्या खुर्चीवर बसली, पाठ ताठ करून. शांग बाईंनी माझ्या कडीकडे पाहिले.

तेवढ्यात गल्लीतून एक स्कूटर आली. पोरगा खाली उतरला, त्याने कठडा पाहिला आणि दोन्ही हातांनी स्कूटर उचलायला घेतली.

"ए, ठेव खाली!"

"आजी, एकच मिनिट! वरच्या मजल्यावरची ऑर्डर आहे, थंड झाली तर माझ्यावर येईल."

"आणि माझ्यावर काय येईल ते ठाऊक आहे का तुला?"

आजी उठून त्याच्या आडवी झाली. तो आर्जवे करी, ती हटेना. पुढचे चाक कठड्यावर टेकले. मला वाटले, आता संपले.

बाविसाव्या मजल्याच्या गॅलरीतून मी एखाद्या काडेपेटीएवढे दिसत असेन. पण पोलादात आयुष्य घालवलेल्या माणसाला तेवढे पुरले. तळ्याच्या कडेने काठीचा आवाज आला. ख्वांग आजोबा येत होते. बरोबर कोणी नव्हते, कोणी ओढत नव्हते. पायात एक चप्पल आणि एक बूट होता, इतक्या घाईने ते निघाले होते. त्यांनी माझा गज धरला, दम घेतला, आणि काठी आधी स्कूटरकडे, मग पोराकडे रोखली.

"चाकं... बाहेर. पाय... आत."

पोरगा थबकला. "पण आजोबा, बाहेर ठेवू कुठे? गाड्यासमोर लावली तर मावशी मारेल."

"मारीनच," रुआन मावशी म्हणाली.

आजोबांनी मान हलवली, काठीने 'चल' अशी खूण केली आणि ते माझ्यातून बाहेर पडले. कठड्याच्या वळणावर एकदा अडखळले, सावरले. पोरगा स्कूटर ढकलत त्यांच्या शेजारून चालू लागला. दोघे गाड्यापुढून गेले, न्हाव्यापुढून गेले. माझ्या जागेवरून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंतच दिसते. दुखण्यानंतर आजोबा गाड्यापलीकडे कधी गेले नव्हते. ते कोपऱ्यावर पोचले, भाजीबाजारामागच्या मोकळ्या जागेकडे काठी दाखवत वळले आणि मला दिसेनासे झाले.

रुआन मावशी झारा हातात धरून म्हणाली, "आजी, ते कोपऱ्यापलीकडे गेले! हाक मारू का?"

तोंग आजी खुर्चीवर बसली.

"नको," ती म्हणाली. "हाक मारलीस तर वळेल."

शांग बाईंच्या लेकीने तेवढ्यात माझ्या खालच्या गजावर पाय ठेवला आणि एक झोका घेतला. शांग बाईंनी तिला ओरडण्यासाठी तोंड उघडले, आणि मिटले.

मित्रांनो, तुमच्याकडेही आता उंच घरे उभी राहत आहेत. राहू द्यात. उंचावर वारा चांगला येतो. पण भोवती भिंत घातली तर भिंत घालणाऱ्याला एवढे जरूर विचारा, की म्हाताऱ्या माणसाला चालत बाहेर कुठून पडायचे. आणि तशी वाट असली, तर तिची काळजी घ्या. बिजागरांत वर्षातून एकदा तेल घाला. जाताना मागून कोणी येत असेल तर फाटक क्षणभर धरून ठेवा. तेलावाचून मी कुरकुरेन, पण चालेन. पायांवाचून मात्र मी नुसते लोखंड आहे.